साडेसदतीस हजारांचा बेस सेटअप, वर दहा हजार शिकवणी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांडणीत स्टीलचे सहा पेले आहेत आणि मी बेस गिटारची ए स्ट्रिंग ओपन, म्हणजे बोट न दाबता, वाजवली की त्यातले दोन वाजायला लागतात. हे मला कळायचं काही कारण नव्हतं, पण मागच्या ऑक्टोबरात रात्री साडेनऊला काकू त्यातला एक पेला हातात घेऊनच वर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तू काय वाजवतोस ते मला अजिबात ऐकू येत नाही रे, पण हा बघ, नुसता नाचतोय." मी सॉरी म्हटलं, ॲम्प, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, बंद केला, आईने त्यांना चहा दिला, विषय मिटला. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य गेलं नाही. कारण बरोबर त्याच आठवड्यात जॅम रूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, आमच्या गायिकेने पण हेच सांगितलं होतं, की तू काहीतरी वाजवतोयस हे पायाला कळतंय, काय वाजवतोयस ते कळत नाही. म्हणजे स्लॅबच्या पलीकडे असलेल्या काकू आणि माझ्यापासून चार फुटांवर उभी असलेली गायिका, दोघींना माझा बेस सारखाच ऐकू येत होता. म्हटलं, काहीतरी जबरदस्त चुकतंय.

तर रिव्ह्यू. गेले आठ महिने माझ्याकडे यामाहाचा टीआरबीएक्स १७४ बेस आणि फेंडरचा रंबल ४० ॲम्प आहे, दोन्ही सेकंडहँड. मी भांडुपला राहतो, नोकरी लोअर परळला, आठवड्यातून एकदा जॅम, महिन्यातून एक-दोन कार्यक्रम. बँड म्हणजे कीबोर्ड, गिटार, ऑक्टोपॅड, ढोलकी, गायिका आणि मी. मराठी गाणी, थोडी हिंदी, हळदीला बोलावलं तर हळद पण वाजवतो, त्यात लाज कसली. त्यामुळे मेटलवाल्यांनी किंवा स्टुडिओत वाजवणाऱ्या सेशनवाल्यांनी हे वाचून माझ्याशी भांडू नये, माझा अनुभव माझ्यासारख्यांच्या कामाचा आहे.

आधी शिकवणीचे दहा हजार. मागच्या जूनमध्ये मी एका दुकानातून नवाकोरा बेस घेतला, दुकानाचं नाव घेत नाही आणि बेसचं पण नाही. पाच तारा, ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारं सर्किट, काळा मॅट फिनिश, किंमत २२ हजार. तिथल्या मुलाने तो एका कपाटाएवढ्या ॲम्पला लावून असा काही स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर फटका, मारला की मी तिथेच संपलो. आता मागे वळून बघितलं तर त्या दहा मिनिटांत मी स्वतः बेस हातात किती वेळ घेतला? दोन मिनिटं. आणि त्यात पण बसून, मांडीवर. पट्टा लावून उभा राहिलो असतो तर तिथेच कळलं असतं की डोकं जड आहे आणि नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, सारखा जमिनीकडे जातोय.

पाऊस सुरू झाला आणि जुलैत नेक वाकला. वाकला म्हणजे नुसता पुढे-मागे नाही, तसा तो थोडाफार प्रत्येकाचा वाकतो आणि आतल्या धातूच्या सळीने, म्हणजे ट्रस रॉडने, सरळ होतो, याला पीळ पडला होता. एका बाजूच्या तारा वर, दुसऱ्या बाजूच्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासतायत. पीळ रॉडने निघत नाही. दुकानात गेलो तर म्हणाले, सर हवामान आहे, आम्ही काय करणार. मुंबईतलं दुकान मुंबईच्या हवामानाला दोष देतंय, घ्या. शेवटी सप्टेंबरात एका मुलाला सगळं खरं सांगून १२ हजाराला दिला, त्याला शो-पीस आणि पार्ट्ससाठी हवा होता.

आणि ती पाचवी तार. तिचा सूर लो बी, म्हणजे साधारण ३१ हर्ट्झ. एवढा खालचा सूर ३४ इंच स्केलच्या (तारेची वाजती लांबी) स्वस्त बेसवर नीट ताणलेला राहणं कठीण असतं, माझी तार तर वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी झुलायची. तीन महिन्यांत मी ती किती वेळा वाजवली असेल तर दोन गाण्यांत, आणि त्या दोन्ही ठिकाणी वरच्या ऑक्टेव्हला, म्हणजे सप्तकात, वाजवलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. माझं स्पष्ट मत: २५ हजारांच्या आत पाच तारांच्या नादाला लागूच नये, त्याच पैशात चार तारांचा कितीतरी बरा मिळतो.

यामाहा मला ठाण्याच्या एका मुलाकडून मिळाला, तो शिकायला बाहेर चालला होता. १३,५०० ला, गिगबॅगसकट. त्याच्या आधी धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये जाऊन दोन शनिवार चार-पाच बेस हातात घेऊन बघितले होते. हे दुकान १८६५ पासूनचं, आणि वाद्य घ्यायचं नसलं तरी तिथे जाऊन यावं असं मला वाटतं. यावेळी नियम केला होता, छोटा ॲम्प मागायचा, सगळे नॉब बारावर ठेवायचे आणि मगच वाजवायचं. बारावर म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखे सरळ वर, ना वाढवलेलं ना कमी केलेलं. एरवी आपल्याकडे बारा वाजले म्हणजे वाट लागली, इथे उलटं आहे, बारावर ठेवल्याशिवाय वाद्याचा खरा आवाज कळत नाही.

१७४ वर तारेचं कंपन टिपणारे दोन पिकअप आहेत, पुढे पी आणि मागे जे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला, त्याच्या आधी खालचा सूर म्हणजे तो उभा, माणसाएवढा डबल बेस, त्याला फ्रेट नाहीत, सूर अंदाजाने आणि रियाजाने लावायचा. फ्रेट लावले आणि सूर नेमका लागायला लागला म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप आला, तोच आजचा पी. १९६० मध्ये जॅझ बेस, त्याचा तो जे. यामाहात दोन्ही आहेत, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, बॅटरी नाही. बॅटरी नाही हा माझ्यासाठी मोठा मुद्दा, आधीच्या ॲक्टिव्हमध्ये केबल रात्रभर लावून ठेवली की नऊ व्होल्टची बॅटरी उतरायची आणि ते नेमकं जॅमच्या दिवशी कळायचं.

मी काय करतो तर पीचा व्हॉल्यूम पूर्ण, जेचा अर्ध्याच्या थोडा खाली, टोन तीन चतुर्थांश. नुसता जे वाजवला की ट्यूबलाइटजवळ थोडी घूं येते, ती सिंगल कॉइलची, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची, जातच आहे, त्यात वाद्याचा दोष नाही. पी दोन तुकड्यांचा असल्याने एकाची घूं दुसरा मारतो. चोवीस फ्रेट आहेत, त्यातले वरचे सात-आठ मी कधी वापरले नाहीत आणि वापरेन असं पण वाटत नाही.

सेकंडहँड घेताना मी त्या मुलाच्या घरी पाऊण तास बसलो, त्याची आई दोनदा सरबत विचारून गेली. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवला, कुठे मेलेला सूर आहे का बघायला. बेस डोळ्यापुढे बंदुकीसारखा धरून नेक सरळ आहे ना बघितलं, पीळ ओळखायला मी आता शिकलोच होतो, महाग शिकलो होतो. जॅक हलवला, नॉब फिरवून खरखर ऐकली, होती थोडी, पण ती काँटॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने जाते. आणि त्याला विचारून ॲलन कीने ट्रस रॉडचा नट हलतोय का ते तपासलं, कारण नट जाम असेल तर बेस कितीही सुंदर असो, हात जोडून परत यायचं.

आता यातला सगळ्यात वसूल झालेला खर्च, बेसच्या सेटिंगचे १,८०० रुपये. सांताक्रूझ ईस्टला एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक अंकल गिटार दुरुस्त करतात. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कोंकणी, मधेच शिवी. त्यांनी बेस टेबलावर आडवा टाकला, माझ्या डाव्या हाताचं बोट पहिल्या फ्रेटवर दाबून धरायला लावलं, उजव्या हाताचं शेवटच्या फ्रेटवर, आणि खिशातून कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड काढून मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली सरकवलं. कार्ड सरकलं आणि पलीकडून पाऊण कार्ड अजून मावेल एवढी जागा उरली. "एक कार्ड जायला पाहिजे, तुझ्या इथून एनव्हलप जातंय," म्हणाले. मग ॲलन की लावून जेमतेम पाव वळसा दिला. मी म्हटलं, बास? तर म्हणाले, "लाकूड आहे ते, नळ नाही. आज झोपू दे त्याला. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यांनी आणखी थोडा फिरवला, बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दोन-सव्वादोन मिलिमीटरवर आणली, मग प्रत्येक तारेचा बारावा फ्रेट आणि हार्मोनिक (तिथेच तारेला नुसतं शिवून काढलेला सूर) एकच सूर देतायत का ते ट्यूनरवर बघत ब्रिजवरचे, म्हणजे खालच्या टोकाला तारा टेकतात तिथले, सॅडल मागेपुढे केले. माझ्यासमोर तासभर. त्याच बेसवर आधी माझी करंगळी अर्ध्या तासात दुखायची, आता दोन तास वाजवतो. मी तर म्हणेन दहा हजारांचा बेस आणि असं सेटिंग हे, तीस हजारांचा बेस दुकानातून जसाच्या तसा आणण्यापेक्षा चांगलं वाजतं. त्यांनी पावसाळा लागला की परत दाखवायला सांगितलंय, आणि तोवर बॅगेत सिलिकाची पाकिटं. चपलेच्या खोक्यात येतात ती मी आता साठवतो, घरी थट्टा होते.

तारा डॅडारिओच्या ईएक्सएल १७०, निकेलच्या, ४५ ते १०० गेज, म्हणजे जाडी. २,२०० पडले. मुंबईत घामाने आणि दमटपणाने तारा लवकर बसतात, आवाज मठ्ठ होतो. वाजवून झालं की सुती फडक्याने एकेक तार वरून-खालून पुसायची, तेवढ्याने पण महिना-दोन महिने आयुष्य वाढतं. आणि तारा उकळायचा जुना जुगाड मी करून बघितला, आईच्या सगळ्यात मोठ्या टोपात, दहा मिनिटं. मळ निघतो आणि झणझणीतपणा परत येतो, खरंच येतो, पण फार दिवस टिकत नाही. पाणी मात्र असं काळपट हिरवं झालं की आईने तो टोप परत स्वयंपाकाला घेतला नाही, आता त्यात कुंडीची माती असते. म्हणजे तारा वाचल्या आणि टोप गेला, हिशोब तुम्हीच करा.

अर्थात सगळ्यांना झणझणीत हवंच असतं असं नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा जेम्स जेमरसन, ज्याच्या बेसवर साठच्या दशकातलं अर्धं अमेरिकन पॉप उभं आहे, तो १९६२ चा प्रिसिजन वाजवायचा, त्यावर जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुंडाळीच्या, तारा, तुटल्याशिवाय बदलायचा नाही, आणि उजव्या हाताचं एकच बोट. आपल्याकडे पण पंचमदांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस ऐका, त्यात चमचम कुठे आहे? सूर गोल आहे, आणि तरी प्रत्येक सूर वेगळा कळतो. हे "तरी कळतो" लक्षात ठेवा, पुढे तेच आहे सगळं.

आता रंबल ४०. १७ हजारांना घेतला, चाळीस वॉट, दहा इंची एक स्पीकर, वजन आठ किलोच्या आसपास, एका हातात उचलून रिक्षात बसता येतं. ज्यांनी जुने ट्यूबवाले ॲम्प उचललेत त्यांना हे वाचून रडू येईल, १९६९ चा ॲम्पेगचा एसव्हीटी तीनशे वॉटचा होता आणि त्याचं नुसतं डोकंच, म्हणजे स्पीकरशिवायचा ॲम्प, जवळजवळ चाळीस किलो, खाली आठ स्पीकरचं फ्रिजएवढं खोकं वेगळं. रंबलला हेडफोन लावता येतो, मोबाइलमधून गाणं लावून त्यावर वाजवता येतं, आणि मागे मिक्सरला द्यायला एक्सएलआर लाइन आउट आहे. हा लाइन आउट हवा म्हणूनच मी धाकटा २५ सोडून ४० घेतला.

पुढच्या पट्टीवर गेन, मग ब्राइट, कॉन्टूर, व्हिंटेज अशी तीन बटणं, आवाज खरखरीत करणारा ओव्हरड्राइव्ह, आणि मग खालच्यापासून वरच्या सुरांपर्यंतचे चार नॉब: बेस, लो मिड, हाय मिड, ट्रेबल. शेवटी मास्टर, म्हणजे एकूण आवाज. पहिल्या आठवड्यात मी काय केलं असेल? बेसचा नॉब तीनवर, ट्रेबल दोनवर, कॉन्टूर चालू. कॉन्टूर मधल्या फ्रिक्वेन्सी खाली खेचतो, त्यामुळे घरात एकट्याने वाजवताना आवाज असा मखमली, महागडा येतो की वा. याच सेटिंगने काकूंचे पेले नाचले आणि याच सेटिंगने मी जॅम रूममध्ये गायब झालो.

मग एका जॅमला आमच्या कीबोर्डवाल्याचे बाबा आले होते, त्याला डबा द्यायला. काकांनी ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात बेस वाजवलाय, शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी, सगळीकडे. दोन गाणी कोपऱ्यात उभं राहून ऐकली आणि मला म्हणाले, "बाळा, तुझा बेस पोटात लागतोय, कानात येत नाहीये." मी म्हटलं काका, वाढवतो थोडा बेस. "अरे नको! बास कर तो बेस." आणि स्वतः येऊन त्यांनी बेसचा नॉब बाराच्या खाली, अकरावर आणला, कॉन्टूर बंद केला, लो मिड दोनवर, हाय मिड एकवर, ट्रेबल अकरावर. मास्टरला हातच लावला नाही. मला माझाच आवाज एकट्याने ऐकताना नाक चोंदल्यासारखा वाटला, थोडा बेडकासारखा पण. मी तोंड वाकडं केलं. काका म्हणाले, "आता सगळे वाजवा." आणि गाणं सुरू झालं तर मी होतो. प्रत्येक सूर कळत होता, आणि गंमत म्हणजे बेस जास्त जाड वाटत होता, जो आम्ही नुकताच कमी केला होता.

घरी येऊन मी यावर थोडं वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. सगळ्यात जाड तारेचा सूर, लो ई, ४१ हर्ट्झचा. त्याची लाट आठ मीटरच्या वर लांब, सत्तावीस फूट. आमची खोली दहा बाय बारा. दहा इंची स्पीकर तो ४१ हर्ट्झ फार जोरात काढूच शकत नाही, आपल्याला जो ऐकू येतो तो त्याच्या वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे त्याच्या पटीतल्या सुरांमुळे, ८२, १२३ वगैरे, खालचा सूर कान आपला आपण भरून काढतो. आणि कुठला सूर वाजला ही ओळख तर आणखी वर, दोनशेपासून सात-आठशे हर्ट्झपर्यंत असते, म्हणजे नेमकं मिडमध्ये. बेसचा नॉब वाढवला की जे वाढतं त्यातलं बरंचसं भिंती आणि स्लॅब खातात. ते काकूंकडे जातं. काकूंना जे पोचतं ते बँडला नको असतं, आणि बँडला जे हवं ते काकूंकडे पोचत नाही. इतकं सोपं होतं, आणि मी चार महिने पिकअप बदलायचे का हा विचार करत होतो.

दुसरी फसवणूक व्हॉल्यूमची. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. म्हणून रात्री घरी हळू वाजवताना बेस वाढवावासा वाटतो, आणि तेच सेटिंग उद्या मोठ्याने लावलं की नुसता ढबढबाट. त्यामुळे घरचं आणि बाहेरचं सेटिंग वेगळंच ठेवायचं, घरी व्हिंटेज चालू आणि बेस एकवर चालेल, बाहेर पडलं की ते विसरायचं. कोपरा टाळा, दोन भिंतींच्या सांध्यात ॲम्प ठेवला की खालचा आवाज फुगतो. मी आता ॲम्प लाकडी खुर्चीवर ठेवतो, खाली जुनी गोधडी चौघडी करून. कानाच्या जवळ आला, जमिनीपासून सुटला, पेले गप्प. तरी नऊनंतर हेडफोनच.

वॉटबद्दल सगळे विचारतात, चाळीस पुरतात का. आमच्या ऑक्टोपॅड आणि ढोलकीला पुरतात, जेमतेम. खरा ड्रमसेट आणि जोरात मारणारा ड्रमर असेल तर नाही पुरणार, तिथे शंभरपासून पुढे बघा. पण चाळीसचे ऐंशी केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबल वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यामुळे वॉटमागे धावण्याआधी बघा तुमच्या जागेत कोण बसलंय. आमच्याकडे कीबोर्डवाल्याचा डावा हात बसला होता! तो पण खाली तेच सूर वाजवत होता जे मी वाजवत होतो, वर्षभर, आणि दोघं मिळून चिखल करत होतो. त्याला म्हटलं दादा, डावा हात एक ऑक्टेव्ह वर घे नाहीतर खिशात ठेव. दोन दिवस फुगून बसला, मग ऐकलं. हा उपाय फुकट आहे, कुठल्याच ॲम्पबरोबर येत नाही.

माघी गणपतीचं पण सांगतो कारण ते गंभीर आहे. उपनगरातला एक मंडप, तात्पुरतं कनेक्शन. स्पीकरमधून घूं येत होती तर साउंडवाला मला म्हणाला, ॲम्पच्या प्लगची ती मोठी पिन काढून टाक, सगळे तेच करतात. मी नाही काढली. ती अर्थिंगची पिन आहे, आवाजाची नाही. घूं घालवायला रंबलच्या मागे लाइन आउटपाशी ग्राउंड लिफ्टचं बटण आहे, ते दाबलं की मिक्सरकडे जाणाऱ्या वायरचं ग्राउंड सुटतं पण ॲम्पचं अर्थिंग जागेवर राहतं. दाबलं, घूं गेली. मी खूश. मग कोरस गायला माइकजवळ गेलो, डावा हात तारांवर, आणि ओठ माइकच्या जाळीला लागताच असा चटका बसला की दातापर्यंत मुंग्या. आमच्या बाजूचा एक्स्टेंशन बोर्ड दिसायला तीन पिनचा होता, आत अर्थची वायरच जोडलेली नव्हती. मंडळाच्या एका मुलाने टेस्टर आणून बेसच्या ब्रिजला लावला, दिवा लागला. विचार करा, मी तोच ब्रिज अर्धा तास तळहाताने दाबत होतो.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडला जाऊन जाड वायरचा चांगला बोर्ड आणि तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर घेतला, दोन्ही मिळून ८००. आता कुठेही गेलो की आधी टेस्टर लावतो आणि ॲम्प आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून वीज घेतायत ना ते विचारतो. लोकांना वाटतं नखरे आहेत, वाटू दे. तिथूनच जॅक आणि शिल्डेड वायर आणून दोन केबल स्वतः सोल्डर केल्या, ७०० मध्ये. पहिलीचं सोल्डरिंग गचाळ झालंय, दुसरी झकास.

सगळं मिळून: बेस १३,५००, ॲम्प १७,०००, सेटिंग १,८००, तारा २,२००, केबल ७००, रुंद पट्टा ८००, स्टँड ७००, बोर्ड आणि टेस्टर ८००. साडेसदतीस हजार. त्यात पहिल्या बेसचं नुकसान दहा हजार धरलं तर साडेसत्तेचाळीस, पण ते मी घरी सांगितलेलं नाही, तुम्ही पण सांगू नका. कुणाकडे एकूण पंचवीसच असतील तर मी ॲम्प सोडेन, साधा हेडफोन ॲम्प घेईन, जॅम रूममध्ये ॲम्प असतोच, पण सेटिंगचे पैसे सोडणार नाही. आणि कुणाकडे साठ-सत्तर असतील तर बेस तोच ठेवून ॲम्प शंभर वॉटचा घेईन, बेसवर नाही उडवणार. पट्ट्यावर मात्र कंजुषी करू नका, चार किलोचा लोंबता बेस बारीक पट्ट्यावर दोन तास धरला की खांदा तिसऱ्या दिवसापर्यंत आठवण काढतो.

प्रवासाचं एवढंच, की पीक अवरला बेस पाठीवर घेऊन साध्या डब्यात शिरू नका, हेडस्टॉक, म्हणजे बेसचं डोकं, कुणाच्या तरी डोळ्यात जातो नाहीतर दारात अडकतो. मी लगेजच्या डब्यात चढतो, मासळीच्या टोपल्यांशेजारी बेस उभा करून दोन्ही हातांनी धरतो. बॅगेला थोडा वास राहतो. ॲम्प घेऊन ट्रेनने मी एकदाच गेलोय आणि ते परत करणार नाही.

आवाजाला इफेक्ट देणारं पेडल घेऊ का असं तिघांनी विचारलंय. मी एका मित्राचा झूम बी वन फोर पंधरा दिवस आणला होता, ट्यूनर आणि ड्रम रिदमसाठी मस्त, बाकी इफेक्ट आमच्या गाण्यांत कुठे लागतच नाहीत, परत दिला. ओव्हरड्राइव्ह रंबलमध्ये आहेच, तो मी एका गाण्यात वापरतो आणि त्या गाण्याला अजून कुणी वन्स मोअर दिलेला नाही.

पाऊस परवा सुरू झाला. काल कार्ड लावून बघितलं तर दोन कार्डं जातायत, म्हणजे शनिवारी सांताक्रूझ.